खोललेलं इंजिन

"अंकल, इंजन खुला तो नी है ना?" गाडीभोवती एक चक्कर मारून, दारांच्या कडांवरून बोट फिरवून झाल्यावर त्या माणसाने मामाला विचारलं. देवासहून खास गाडी बघायला आला होता, सोबत त्याचा मिस्त्री. मामाचा चेहरा एकदम फुलला. तासाभराने का होईना, कोणीतरी मुद्द्याचं विचारलं असं त्याला वाटलं असणार. "खुला है ना! पूरा खोला है, यहीं, इसी ओसरी में, अपने हाथ से." त्या माणसाने बॉनेटवर टेकवलेला हात उचलला. मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीने मान जराशी हलवली. मग दोघं पाणी प्यायले, मामीने पुढे केलेल्या पोह्यांना नको म्हणाले आणि संध्याकाळपर्यंत फोन करतो म्हणून निघून गेले. "अगं, सीलचे फोटो तरी बघायचे होते त्यांनी," मामा मला एवढंच म्हणाला आणि फाइल काखेत धरून आत गेला.

फोन अर्थातच आला नाही.

तेव्हापासून तो उचललेला हात माझ्या डोक्यातून जात नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात न खोललेल्या इंजिनाला केवढा भाव असतो! जाहिरातीत ठळक लिहितात: फर्स्ट ओनर, कंपनी पेंट, इंजिन सील पॅक. खोललं म्हणजे काहीतरी बिघडलं होतं, कोणाचा तरी हात लागला, आणि त्या हाताचा काय भरवसा, असा सगळा हिशेब. साध्या पिस्टनच्या गाडीला तो लागू पडतही असेल. चांगली ठेवलेली मारुती दीड-दोन लाख किलोमीटर इंजिनाला हात न लावता पळते, तिच्या मालकाने छाती पुढे काढून सांगावं. पण मामाची गाडी माझदा आरएक्स-८ आहे. तिच्या इंजिनात पिस्टनच नाहीत. आणि या गाडीचं इंजिन खोललेलं नसेल तर खोलण्याची वेळ अजून यायची आहे, एवढाच त्याचा अर्थ. देवासच्या त्या माणसाने जो दोष म्हणून ऐकला, तीच या गाडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू होती.

रोटरी इंजिन मी पहिल्यांदा पाहिलं ते मामाच्या ओसरीत, जुन्या सतरंजीवर, सुटं केलेलं. कॉलेजात होते तेव्हा. बाजू फुगलेले दोन लोखंडी त्रिकोण, आणि ते ज्यात फिरतात ती मधे किंचित दबलेली अंडाकृती घरं. बस. झडपा नाहीत, कॅम नाहीत, खालीवर धावणारं काहीच नाही. त्रिकोण घरात फिरतो, त्याच्या तीन बाजूंना तीन पोकळ्या तयार होतात, आणि प्रत्येक पोकळीत पेट्रोल ओढणं, दाबणं, पेटणं आणि धूर बाहेर टाकणं हे आळीपाळीने चालू राहतं. त्रिकोण एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो, म्हणून मीटरचा काटा ९००० वर असतो तेव्हा आतला रोटर ३००० वेळाच फिरत असतो. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १.३ लिटर. आपल्याकडच्या साध्या हॅचबॅकएवढं इंजिन, आणि ताकद २५० पीएस. थरथर म्हणाल तर नाहीच. आईच्या शिवणयंत्राला मोटर बसवल्यावर जो एकसंध घरघराट यायला लागला, त्याच जातीचा आवाज, फक्त तो थांबत नाही, चढतच जातो.

पण त्या त्रिकोणाची तीन टोकं घराच्या भिंतीला सतत घासत असतात. टोकावर पट्टीसारखं सील असतं, त्याला एपेक्स सील म्हणतात, आणि या इंजिनाचं सगळं सुखदुःख त्या पट्टीवर. साठच्या दशकात हिरोशिमाला माझदाचे इंजिनिअर या इंजिनावर काम करत होते, तेव्हा सीलच्या थरथरीने घराच्या आतल्या भिंतीवर ओरखडे उमटत. त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनइची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालचे सत्तेचाळीस इंजिनिअर वर्षानुवर्षं त्या खुणांमागे लागले, शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेलं सील त्यांना सापडलं, आणि १९६७ साली दोन रोटरची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. बाकीच्या बहुतेक कंपन्यांनी हे इंजिन सोडून दिलं. पेट्रोल पितं, ऑइल खातं, धूर स्वच्छ ठेवणं अवघड. माझदाने सोडलं नाही. १९९१ मध्ये चार रोटरची ७८७बी घेऊन ते ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकले. हे मामा सांगतो तेव्हा आपल्याच घरातल्या कोणीतरी जिंकल्यासारखं सांगतो, आणि ऐकताना मलाही तसंच वाटतं.

इंदूरला रामबागेत गाडी आली तेव्हा गल्लीत मात्र वेगळीच अडचण झाली. माझदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्वराज माझदाच येणार, शाळेची मिनीबस. या खाली बसलेल्या, लांब नाकाच्या, लाल गाडीचा तिच्याशी काय संबंध? गाडी २००४ ची, जपानात चाललेली, २००७ मध्ये मुंबईला उतरली. वापरलेली परदेशी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडेच हवं आणि बंदर मुंबईचंच, असा नियम. जपानात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात म्हणून तिकडच्या गाड्यांना निदान स्टिअरिंगचा प्रश्न येत नाही. मुंबईच्या मालकाने गाडीच्या किमतीहून जास्त जकात भरली, वर मागे भलं मोठं पंख बसवलं, सायलेन्सर बदलला, सस्पेन्शन काढून कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंगा, टाकले, गाडी आणखी दोन बोटं खाली आणली. फक्त इंजिनाला जे हवं ते दिलं नाही. रोटरी मुद्दाम थोडं थोडं ऑइल जाळतं, सीलला वंगण म्हणून आतला पंप ते पोचवत असतो. त्यामुळे दर थोड्या दिवसांनी ऑइल बघून वरून घालावं लागतं. त्याने घातलं नाही, किंवा त्याला कोणी सांगितलं नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, गेलं, गरम झाल्यावर गाडी चालू होईना, आणि मुंबईत दोन ठिकाणी दाखवून झाल्यावर ती भंगाराहून थोड्या बऱ्या भावात मामाला मिळाली. ट्रकवर चढवून आणली. मामी दोन दिवस बोलली नव्हती.

मामाला हे सुचलं कसं, याचं उत्तर पिथमपूरमध्ये आहे. त्याची सगळी नोकरी तिथल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. ऐंशीच्या दशकातलं पिथमपूर म्हणजे माळरानावर उगवलेलं छोटं जपानच होतं: कायनेटिक होंडा तिथे बनत होती, आयशर मित्सुबिशीबरोबर कँटर ट्रक काढत होती, हिंदुस्तान मोटर्स इसुझूची इंजिनं तयार करत होती. जपानी माणसं टोप्या घालून मशिनशेजारी उभी असत, आणि एका शतांश मिलिमीटरवरून पोराला पुन्हा पहिल्यापासून काम करायला लावत. मामा त्या पोरांपैकी एक. पहाटेची बस, हातात डबा, संध्याकाळी कपड्यांना कटिंग ऑइलचा वास. रिकाम्या वेळी तो कागदावर तो फुगीर त्रिकोण काढत बसायचा, असं आजी सांगायची. म्हणजे गाडी उशिरा आली, इंजिन फार आधीच आलं होतं.

ते त्याने जोडलं कसं, त्यातला एक तुकडा मी जवळून पाहिला आहे. एका रोटरला तीन एपेक्स सील, सहा कॉर्नर सील, सहा साइड सील. साइड सील म्हणजे दोऱ्याइतकी बारीक, वाकडी पट्टी. ती थोडी लांबच येते, मग एक टोक कानशीने घासून जागेवर बसवायची, की तिच्यात आणि कॉर्नर सीलमध्ये केसभर फट राहील. फट कमी पडली तर तापल्यावर पट्टी अडकते, जास्त झाली तर दाब निसटतो. आणि जी पट्टी ज्या खाचेसाठी घासली ती तिथेच, दुसरीकडे चालत नाही. मामा खिडकीशी पाट टाकून बसायचा. कानशीचे दोन हात, मग फुंकर, मग पट्टी खाचेत, मग फट मोजायच्या फीलर गेजचं पातं, आणि पुन्हा काढून कानशीचा एकच हात. माझं काम फीलर गेज पुसून द्यायचं आणि त्याने सांगितलेला आकडा वहीत लिहायचं. दोन रोटरच्या बारा पट्ट्या. एखादी नको तेवढी घासली गेली की बाहेरून मागवलेल्या किटमधली ती फुकट, पुन्हा पार्सलची वाट. त्या वेळी तो कोणाशी बोलत नसे. संध्याकाळी रेडिओवर मराठी नाट्यगीत लागलं तर बंद करायला सांगे, नाहीतर एरवी तो स्वतःच मोठ्याने गाणारा माणूस. ती वही, सीलच्या खोक्यांवरची लेबलं, प्रत्येक टप्प्याचे फोटो, हे सगळं त्या फाइलमध्ये आहे. देवासच्या माणसाने जी उघडली नाही ती ही फाइल.

पुढे त्याने मुंबईचं पंख काढून टाकलं, इग्निशन कॉइल चांगल्या बसवल्या, रेडिएटरसमोरची जाळी साफ केली, आणि टाकीत पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल, जुन्या स्कूटरमध्ये घालतात ते, घालायला सुरुवात केली. सीलला तेवढाच आधार, रोटरीवाले बरेच जण करतात. पंपावरचा मुलगा पहिल्यांदा हसला होता, "बाबूजी, ये स्कूटर थोड़ी है!" नंतर गाडी दिसली की तोच विचारायचा, किती टाकू? गाडीचे बाकीचे हट्टही घराने असेच अंगवळणी पाडून घेतले. थंड इंजिन चालू करून, गाडी दोन हात पुढे घेऊन लगेच बंद करायची नाही. आत पेट्रोल साचतं, सीलवरचं ऑइल धुऊन जातं आणि मग ती चालू होता होत नाही. म्हणजे शेजाऱ्यांना स्कूटर काढायची असली तरी गाडी हलवल्यावर इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवावं लागे. तेवढ्यात मामी भाजी निवडत ओट्यावर येऊन बसे, शेजारचे काका थांबत, गप्पा होत. चालू करताच आतून एक बाई जपानीत काहीतरी नम्रपणे सांगायची. टोलचं कार्ड घातलेलं नाही, असं ती सांगते, हे पुढे कळलं. आपल्याकडे काचेवर फास्टॅग आला तरी तिचं सांगणं चालूच आहे. रेडिओ तिकडचा, ९० मेगाहर्ट्झच्या वर जातच नाही, त्यामुळे त्यावर विविध भारती कधी लागली नाही. आणि दारं! पुढचं दार उघडलं की मागचं छोटं दार उलट्या बाजूला उघडतं, मधे खांबच नाही. गुडघे दुखणारी आजी स्पोर्ट्स कारमध्ये बसली ती या दारामुळे. आत शिरायला जागा मोठी, पण बसायचं पार खाली. "चढायचं नाही, उतरायचं आहे," असं म्हणत ती मागे बसायची आणि डोक्यामागच्या उशीवरच्या त्रिकोणी खाचेला हात लावून बघायची.

ही गाडी खरी कशी आहे ते इंदूरच्या रस्त्यांवर कळत नाही. पलासियाच्या सिग्नलला ती फक्त तापते. पावसाळ्यातल्या एका रविवारी उजाडायच्या आत मामाने मला जाम दरवाज्याकडे नेलं होतं, महू ओलांडून. अहिल्याबाईंच्या वेळचा, १७९१ चा दरवाजा, पलीकडे खाली उतरत जाणारं निमाड. रस्ता ओला, काचा खाली, सागाच्या पानांचा वास. दुसऱ्या गिअरमध्ये त्याने पाय दाबला आणि काटा सहा, सात, आठवर गेला, तरी गाडीला त्याचं काही वाटेना. कुठलंही इंजिन ज्या आकड्याला ओरडायला लागतं तिथे हिचा आवाज उलट मोकळा होत होता. नऊच्या आधी टूं अशी सूचना वाजली, मामाने गिअर बदलला आणि माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. घशात काहीतरी दाटून आलं होतं, आणि ते वेगामुळे नव्हतं. प्रत्येक पट्टीचा आकडा माझ्या अक्षरात लिहिलेला होता ना.

गाडी विकायची ठरली कारण रामबागेतलं घर मल्टीला, म्हणजे बहुमजली इमारतीला दिलं. नव्या मल्टीत पार्किंग तळघरात, आणि उतार असा की या गाडीचं नाक टेकणारच. मामाचा डावा गुडघाही आता क्लचला कंटाळला आहे. २०२२ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर नूतनीकरणाचे चाळीस हजार भरले, परदेशी गाडीला तेव्हा तेवढे पडत, साध्या गाडीला पाच हजार. पुन्हा २०२७ ला तोच प्रसंग. शिवाय मॉडिफाइड गाडी. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने जशी बनवली आणि कागदांवर जशी आहे तिच्यात मूलभूत बदल करता येणार नाही. रस्त्यावर कानठळ्या बसवणारे सायलेन्सर ऐकले की मला तो निकाल पटतो. मामालाही पटला. मुंबईहून गाडीबरोबर खोक्यात आलेला मूळ सायलेन्सर आणि स्प्रिंगा माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या, त्या त्याने काढून परत बसवल्या. दिसायला गाडी आता जवळजवळ कंपनीची आहे. बदल उरला आहे तो आत, जिथे बाहेरून काही दिसत नाही, आणि तो बदल म्हणजे तरी काय, इंजिन कागदावर लिहिल्याप्रमाणे पुन्हा चालतं एवढाच.

याच शहरात एके काळी याच्या उलट रीत होती. यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात अमेरिकेची ड्यूझेनबर्ग घेतली, तिचा नुसता सांगाडा लंडनला गर्नी नटिंगकडे पाठवला आणि त्यावर आपल्या पसंतीची नारिंगी-काळी बॉडी घडवून घेतली. गाडी अशीच घ्यायची असते, सांगाडा एकाचा, कातडं दुसऱ्याचं, असं तेव्हा मानत. ते राहत त्या माणिकबाग पॅलेसमध्ये आज सीमाशुल्क आणि जीएसटीचं कार्यालय आहे. गाड्या परदेशातून मागवणाऱ्या राजाचं घर, आणि आता तिथे जकातीच्या फायली. त्या रस्त्याने जाताना मला हे दर वेळी आठवतं. राजाला जमलं ते पैशाने. मामाने कानशीने केलं. दोन्हींत माणसाला आपल्या गाडीत स्वतःचं काहीतरी हवं असतं, आणि ती ओढ मला मनापासून आवडते, नियमांची गरज पटत असूनही.

देवासच्या माणसानंतर मी जाहिरात पुन्हा लिहिली. भोपाळहून, उज्जैनहून फोन आले. ॲव्हरेज किती? शहरात सहा-सात. पार्ट मिळतात का? मागवावे लागतात. ठेवला फोन. मग एके रात्री कोइमतूरहून एका मुलाचा मेसेज आला, पहिल्याच ओळीत: कॉम्प्रेशनचे आकडे पाठवता का, सहाही बाजूंचे, आणि किती आरपीएमला घेतले तेही. मी मामाला झोपेतून उठवलं. रोटरीचं कॉम्प्रेशन साध्या गेजने कळत नाही, ते तिन्ही बाजूंतला सगळ्यात मोठा आकडाच दाखवतं, वेगळं यंत्र लागतं. मामाने ते इंजिन जोडल्यावरच मागवलं होतं. एका रोटरचे ८.१, ८.०, ८.२, दुसऱ्याचे ७.९, ८.०, ८.०. कंपनीच्या पुस्तकात किमान ६.९ आहे आणि नव्या इंजिनाला साडेआठ. मुलाचा लगेच दुसरा प्रश्न: इंदूर समुद्रसपाटीपासून किती उंच? साडेपाचशे मीटर, म्हणजे हवा विरळ, आकडे थोडे कमीच आलेत. मामा चष्मा कपाळावर चढवून खुर्चीत बसला होता आणि मला सांगत होता, लिही, लिही, हेही लिही.

आठवडाभर दोघांचं चाललं. मी मधे दुभाषी, मामाची मराठी-हिंदी आणि त्या मुलाचं इंग्रजी. फाइलमधलं एकेक पान फोटो काढून गेलं. मग त्याने स्वच्छ सांगितलं: गाडी घेईन, पण चालवण्याआधी इंजिन एकदा मी स्वतः खोलणार. मला ते लागलं. इतकं सगळं पाहून, इतके आकडे घेऊन, तरी विश्वास नाही? मामा ज्या खिडकीशी बसायचा ती खिडकी मला दिसत होती, आणि त्याने बसवलेल्या त्या बारा पट्ट्या कोणीतरी अनोळखी पोरगा चिमट्याने काढतोय हेही. मी ते मामाला हळूच, घाबरत सांगितलं. तो मोठ्याने हसला. "खोलणारच तो! मी तरी काय केलं होतं? खोलू दे की. बघेल तरी नीट." मग उठून त्याने कपाटातून त्या मुलासाठी मोजमापाची वही काढली, नाव घालून ठेवतो म्हणाला, गाडीबरोबर द्यायला. वही देऊ नये असं मला वाटत होतं, अजून वाटतं. पण ती माझी नाही.

पैशांचं अजून जुळलेलं नाही. मुलगा म्हणतो, रीबिल्डचा खर्च मला पुन्हा येणार, पन्नास हजार कमी करा. मामा नऊ लाखांवर ठाम आहे. ज्याला खोलून बघायचं त्याने आपल्या हौसेने खोलावं, पण चांगलं जोडलेल्या इंजिनाचे पैसे पूर्ण द्यावेत, असं त्याचं म्हणणं आहे. मी त्या मुलाला काल तसंच कळवलं, एक शब्दही मऊ न करता.